मातृत्वाचा भार कोणाचा?

गेल्या वर्षी भीमजयंतीच्या तयारीच्या बैठका ऐन रंगात आल्या असताना आमच्या टेक्सासमधील गटातील एका कुटुंबाने दोन रविवार येणार नसल्याचे कळवले. शाळा बुडू नये म्हणून मुलीला मैत्रिणीकडे ठेवून दोघे न्यू मेक्सिकोला फिरायला चालले आहेत, असा निरोप होता. दहा तासांचा रस्ता, मध्ये एक मुक्काम. ते परतल्यावर आमच्यापैकीच कोणीतरी गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिले, "ताई, फोटो टाका की!" त्यांनी वाळवंटातील सूर्यास्ताचा एक फोटो टाकला आणि आम्ही सर्वांनी त्याखाली अंगठे आणि बदाम उमटवले.

तो प्रवास सहलीचा नव्हता, हे आम्हांला आठ महिन्यांनी कळले. विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत गर्भाची दोन्ही मूत्रपिंडे तयारच झाली नसल्याचे दिसले होते. गर्भजल जवळजवळ नव्हते आणि गर्भजलाविना फुप्फुसे वाढत नाहीत. असे बाळ जन्मले तरी काही तासांपलीकडे सहसा जगत नाही. डॉक्टरांनी हे सर्व समजावून सांगितले. पुढे काय करता येईल असे विचारल्यावर मात्र त्यांचा आवाज खाली गेला. त्या भगिनीपुढे दोन वाटा होत्या. आणखी चार-साडेचार महिने तो गर्भ वाढवायचा, दुकानात, विहारात, शाळेच्या फाटकाशी भेटेल त्याच्या 'कितवा महिना?' या प्रश्नाला उत्तर देत राहायचे आणि शेवटी बाळाला हातात घेऊन निरोप द्यायचा. किंवा राज्याबाहेर जाऊन गर्भपात करून घ्यायचा. दोन्ही वाटा दुःखाच्याच होत्या. तिने दुसरी धरली.

हे आम्ही तिच्या संमतीने लिहीत आहोत. नाव आणि गाव नको, एवढी एकच अट तिने घातली. ती म्हणाली की प्रवासात कायद्याची भीती होतीच, पण तिच्याहून मोठी भीती आपल्याच माणसांची होती. हे ऐकल्यापासून आम्ही अस्वस्थ आहोत. ज्या गटात दर रविवारी मैत्री आणि करुणा हे शब्द उच्चारले जातात, त्या गटापासून लपवण्यासाठी एका उपासिकेला सूर्यास्ताचा फोटो काढावा लागला.

कायद्याची पार्श्वभूमी वाचकांना ठाऊक आहे. २२ जानेवारी १९७३ च्या रो विरुद्ध वेड या निकालाने अमेरिकेतील स्त्रियांना मिळालेले घटनात्मक संरक्षण सर्वोच्च न्यायालयाने २४ जून २०२२ रोजी डॉब्स खटल्यात काढून घेतले आणि हा प्रश्न राज्यांच्या स्वाधीन केला. टेक्सास त्याआधीच पुढे गेले होते. १ सप्टेंबर २०२१ पासून तेथे गर्भाच्या हृदयाची हालचाल दिसू लागल्यानंतर, म्हणजे सुमारे सहा आठवड्यांनंतर, गर्भपाताला बंदी झाली; आणि बंदी मोडून गर्भपात करणाऱ्यावर वा त्यास साहाय्य करणाऱ्यावर कोणाही त्रयस्थाने दावा लावावा आणि जिंकल्यास किमान दहा हजार डॉलर मिळवावेत, अशी त्या कायद्याची रचना आहे. २५ ऑगस्ट २०२२ पासून जवळजवळ संपूर्ण बंदी आली, आणि डॉक्टरला जन्मठेपेपर्यंतची शिक्षा. बलात्कारातून राहिलेला गर्भ किंवा न जगणारा गर्भ, यांस त्यात अपवाद नाही. गर्भवतीवर स्वतः खटला भरता येत नाही, हे खरे. पण व्हिसावर राहणाऱ्या कुटुंबाला कलमांची बारीक अक्षरे वाचून धीर येत नाही. दहा हजारांचे आमिष ओळखीच्या प्रत्येक माणसाला संशयास्पद करून ठेवते. त्यात आपण 'आपली माणसे' असूनही भरवशाची वाटलो नाही, ही आमची कमाई.

ही बंदी आणणाऱ्यांचा दावा असा की ते जीवनाच्या बाजूने आहेत. हा दावा आम्ही हसण्यावारी नेत नाही. गर्भाविषयी कोणाला ममता वाटत असेल तर ती ममता खोटी आहे, असे म्हणण्याचा अधिकार आम्हांला नाही. मात्र ममतेची परीक्षा बाळ जन्मल्यानंतर सुरू होते. या देशात बाळंतिणीला पगारी रजा देणारा संघीय कायदा नाही. १९९३ चा कायदा बारा आठवड्यांची रजा देतो, तीही बिनपगारी, आणि पन्नासपेक्षा कमी कामगार असलेल्या खासगी मालकाला तीही द्यावी लागत नाही. ज्या मिसिसिपी राज्यातून डॉब्स खटला उभा राहिला, तेथे गरीब मातांचा सरकारी विमा प्रसूतीनंतर दोनच महिन्यांत संपत असे. तो वर्षभराचा करण्यासाठी २०२३ उजाडावे लागले. २०२१ साली केंद्र सरकारने मुलांमागे कुटुंबांना मिळणारी करसवलत वाढवली आणि तिचा काही भाग दरमहा हातात दिला, तेव्हा जनगणना विभागाच्या पूरक मोजमापानुसार बालदारिद्र्य ५.२ टक्क्यांवर आले. ती वाढ चालू ठेवण्यास संसदेने नकार दिला आणि २०२२ साली तोच आकडा १२.४ टक्के झाला. गर्भाच्या रक्षणाचा जयघोष ज्या वर्षी झाला, त्याच वर्षी जन्मलेल्या मुलांचे दारिद्र्य दुपटीहून अधिक वाढले. आणि बाळंतपणात मरण पावणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण या देशात कृष्णवर्णीयांमध्ये गोऱ्या स्त्रियांच्या सुमारे तिप्पट आहे. ज्यांच्या आजी-पणज्यांनी सुईणीच्या विटाळाची भाषा ऐकली आहे, त्या आपल्या वाचकांना या तिपटीचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

स्त्रीवर मातृत्व लादायचे आणि मग तिला एकटी सोडायची, ही रीत आपल्या परंपरेला चांगली ओळखीची आहे, आणि तिच्यावर आपल्याच पूर्वसूरींनी दिलेले उत्तरही आहे. पुण्यात काशीबाई नावाच्या एका ब्राह्मण विधवेला फसवणुकीतून गर्भ राहिला. लोकलज्जेने तिने नवजात अर्भकाची हत्या केली आणि तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ज्या पुरुषामुळे गर्भ राहिला, तो मोकळाच राहिला. या घटनेने हेलावलेल्या जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. विधवांनी येथे येऊन गुप्तपणे व सुखरूप बाळंत व्हावे, मूल न्यायचे की ठेवायचे हे त्यांनी स्वतः ठरवावे, ठेवलेल्या मुलाचा सांभाळ होईल, अशा आशयाच्या जाहिराती त्यांनी लावल्या. त्या गृहात बाळंत झालेल्या एका विधवेचा मुलगा या दांपत्याने १८७४ साली दत्तक घेतला. तोच यशवंत पुढे डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करतानाच सावित्रीबाईंना मरण आले.

त्या जाहिरातीचा आशय आम्ही पुन्हा पुन्हा वाचला. तिच्यात स्त्रीला उपदेश नाही. कोणाचे मूल, लग्न झाले होते का, अशी चौकशी नाही. निर्णय तिचा आणि सांभाळ आमचा, एवढाच करार आहे. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला १८८१ साली अशाच बालहत्येसाठी फाशी सुनावली गेली आणि पुढे ती शिक्षा कमी होत पाच वर्षांवर आली. त्या वेळी वृत्तपत्रांतून स्त्रीजातीवर जी आग ओकली गेली, तिला बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्री पुरुष तुलना' लिहून उत्तर दिले. शिक्षा स्त्रीला आणि शहाणपण पुरुषाला, ही वाटणी ताराबाईंनी तेव्हाच उघडी पाडली होती.

बाबासाहेबांकडे येताना आम्हांला एक तारीख आधी आठवते. जुलै १९२६ मध्ये त्यांचा लाडका राजरत्न गेला. त्याआधी गंगाधर, रमेश आणि इंदू गेली होती. चार लेकरे गमावलेल्या घरात रमाईंची प्रकृती काय राहिली असेल, हे निराळे सांगायला नको. त्यानंतर दोनच वर्षांनी, जुलै १९२८ मध्ये, मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकावर ते बोलायला उभे राहिले. प्रसूतीच्या आधी व नंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलावा, मालकालाही जबाबदारी टाळता येणार नाही, अशी त्यांची मांडणी होती. पुढील वर्षी तो कायदा झाला. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना खाणींतील स्त्रियांच्या प्रसूती लाभाचा कायदा त्यांनी सुधारून घेतला. संविधानाच्या बेचाळिसाव्या अनुच्छेदात प्रसूती साहाय्याची तरतूद आली. आज भारतात नोकरदार स्त्रीला पहिल्या दोन बाळंतपणांसाठी सव्वीस आठवड्यांची पगारी रजा आहे. या संपन्न देशाला अद्याप न जमलेली गोष्ट परळच्या गिरणीतील बाईसाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मागितली होती.

दुसरी बाजू १९३८ ची. त्या वर्षी १० नोव्हेंबरला मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाच्या साधनांचा प्रसार सरकारने करावा, असा ठराव मांडला. बाबासाहेबांनी तयार केलेले भाषण त्यांनी वाचले. बाळंतपणाच्या वेदना पुरुषाला सोसाव्या लागल्या असत्या तर एकाहून अधिक मुलाला कोणी तयार झाला नसता, असा त्यात एक बोचरा युक्तिवाद आहे. आणि मूल होऊ द्यायचे की नाही हे सर्वस्वी स्त्रीच्या इच्छेवर अवलंबून असावे, असे स्पष्ट प्रतिपादन आहे. ठराव मोठ्या बहुमताने फेटाळला गेला. त्याआधी चार वर्षे, रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य'वरील अश्लीलतेच्या खटल्यात त्यांची वकिली बाबासाहेबांनीच केली होती.

येथे प्रामाणिक राहिले पाहिजे. तो ठराव गर्भ राहू न देण्याविषयी होता, गर्भपाताविषयी नव्हता. बाबासाहेबांचे नाव पुढे करून आजच्या वादावर शिक्कामोर्तब करणे आम्हांला मान्य नाही. तशी सवय आपल्या व्यासपीठांना फार लागली आहे. पण निर्णय स्त्रीचा असावा आणि मातृत्वाचा खर्च समाजाने वाहावा, या दोन मागण्या एकाच माणसाने दहा वर्षांच्या अंतराने त्याच प्रांताच्या कायदेमंडळापुढे ठेवल्या होत्या, एवढे तर इतिहासातच आहे. आपल्याला त्या जोडूनच मिळाल्या आहेत.

आमच्या ज्येष्ठ उपासकांचा आक्षेप याहून खोल आहे, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. प्राणिहिंसेपासून विरत राहण्याचे पहिले शील आपण रोज घेतो. मग गर्भपाताचे समर्थन कसे? विनयपिटकात तर भिक्षूने गर्भपात घडवून आणणे हा संघातून कायमचा बाहेर काढणारा पाराजिक दोष आहे. हे लपवण्यात अर्थ नाही. गर्भ म्हणजे काहीच नव्हे, असे आम्ही म्हणत नाही. ज्या भगिनीविषयी हा लेख आहे, तीही तसे म्हणत नाही. तिच्या कपाटात त्या सोनोग्राफीचे चित्र आहे. पण 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी अहिंसेची चर्चा करताना तत्त्व आणि नियम यांत केलेला भेद आपण विसरतो. नियम माणसाला बांधून टाकतो. तत्त्व त्याला विचार करायला मोकळे ठेवते आणि त्या विचाराची जबाबदारीही त्याच्यावरच टाकते. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांतही त्यांनी फरक केला. शिवाय शील 'समादियामि' या शब्दाने घेतले जाते: मी स्वीकारतो, मी स्वीकारते. ते प्रथमपुरुषी आहे. शेजारणीच्या वतीने शील घेण्याची सोय धम्मात नाही, आणि शेरिफच्या हातून ते पाळून घेण्याची तर नाहीच. बौद्ध देशांतही या बाबतीत एकवाक्यता नाही. थायलंडने २०२१ साली बारा आठवड्यांपर्यंतचा गर्भपात कायदेशीर केला. श्रीलंकेत मात्र अजून वसाहतकाळातील कायदा आहे आणि स्त्रीचा जीव वाचवण्यापुरतीच मुभा आहे.

दुसरा आक्षेप तरुण मंडळींकडूनही येतो: ही मोकळीक म्हणजे मुलींच्या गर्भावर संकट. महाराष्ट्राने तर गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात सर्वांत आधी, १९८८ साली, कायदा केला होता. त्याला उत्तर म्हणून आम्ही बीड जिल्ह्याकडे पाहतो. २०११ च्या जनगणनेत तेथे सहा वर्षांखालील हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. त्याच जिल्ह्यात २०१९ साली सरकारी समितीने ऊसतोड करणाऱ्या सुमारे ८२ हजार स्त्रियांची पाहणी केली तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि एका दिवसाचा खाडा पडला की दंड बसतो. पाळी, गर्भारपण, बाळंतपण हे सारे खाड्याच्या हिशेबात जाते. मग पिशवीच काढून टाकलेली बरी, असे बाईला सांगणारे भेटतात. यांत बहुतांश दलित, भटक्या आणि अन्य मागास समाजांच्या भूमिहीन स्त्रिया. एकीच्या पोटातील मुलगी सासरच्यांना नको असते, दुसरीची कूस मुकादमाच्या हिशेबात बसत नाही. दोन्हीकडे बाईला विचारले कोणी? स्त्रीच्या निर्णयाचा आदर केला म्हणून मुली कमी झाल्या नाहीत. तो कधी केलाच गेला नाही.

भारतातील १९७१ चा कायदाही यास पुरता अपवाद नाही. तो उदार आहे; २०२१ च्या दुरुस्तीने काही गटांतील स्त्रियांसाठी मुदत चोवीस आठवड्यांपर्यंत गेली, गंभीर व्यंग असलेल्या गर्भाला वैद्यकीय मंडळाच्या संमतीने मुदतीची अटच राहिली नाही, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रियांनाही ती दारे खुली केली. तरीही त्या कायद्यात मत डॉक्टरचे विचारले जाते. स्त्रीची संमती पुरेशी नसते.

बीडच्या त्या स्त्रियांचे म्हणणे कोणत्या शब्दांत मांडावे, याचा विचार करताना आम्हांला या देशातील कृष्णवर्णीय भगिनींची मदत झाली. १९९४ साली शिकागोत बारा कृष्णवर्णीय स्त्रियांनी 'प्रजनन न्याय' ही कल्पना पुढे आणली. निवडीचे स्वातंत्र्य ही घोषणा त्यांना अपुरी वाटली, कारण हातात पैसे नसलेल्या बाईपुढे निवड अशी नसतेच. मूल न होऊ देण्याचा अधिकार, मूल होऊ देण्याचा अधिकार आणि झालेले मूल सुरक्षित वस्तीत, माणुसकीने वाढवण्याचा अधिकार, हे तिन्ही एकत्र असले तरच न्याय होतो, असे त्यांनी मांडले. १९४६ साली बाबासाहेबांनी द्यु बॉइस यांना पत्र लिहून ज्या आपुलकीचा धागा जोडला, त्याचा उल्लेख आपण दर जयंतीच्या भाषणात करतो. त्या धाग्याच्या दुसऱ्या टोकाला या बारा स्त्रियाही आहेत, हे भाषणात क्वचितच येते.

आता आमच्या घरचे. येथे बाळंतपण म्हणजे आईच्या व्हिसाची वाट पाहणे. व्हिसा मिळाला तर आई डिंकाचे लाडू, अळीव आणि बाळंतविडा घेऊन येते आणि सव्वा महिना घर उभे राहते. नाकारला गेला तर पहिलटकरीण तिसऱ्या दिवशी भांडी घासताना दिसते, कारण नवऱ्याला रजा नाही आणि विमा त्याच्याच नोकरीला बांधलेला. नोकरी गेली तर साठ दिवसांत देश सोडण्याची टांगती तलवार. अशा घरात दुसरे मूल हवे की नको, हा प्रश्न कोणत्या विचाराने सुटतो, हे आम्ही सर्व जाणतो. आणि तरीही गर्भपाताचा शब्द निघाला की आम्ही विषय बदलतो, किंवा स्वयंपाकघरात दबक्या आवाजात बोलतो. समाजाचे ऋण फेडण्याचा मंत्र आपण गावाकडे पैसे पाठवताना पाळतो. शेजारच्या सोफ्यावर बसलेल्या बाईपर्यंत तो पोहोचत नाही.

म्हणून आमच्या कार्यकारिणीपुढे आम्ही एक प्रस्ताव ठेवला आहे. जयंतीच्या सभागृहावर आणि ध्वनियंत्रणेवर होणाऱ्या खर्चातून एक हिस्सा वेगळा काढून मातृ-साहाय्य निधी सुरू करावा. ज्या घरी आई पोहोचू शकत नाही तेथे सव्वा महिना आळीपाळीने डबा जावा. गर्भपात, अपुरे दिवस किंवा मृत बाळ, यांपैकी काहीही झाले तरी तोच डबा, तितकेच दिवस, आणि कारण विचारायचे नाही. कोणाच्या मोठ्या मुलाला दोन दिवस सांभाळायचे असेल तर यादीतील पहिल्या नावाने हो म्हणावे. टेक्सासमधील कुटुंबांसाठी काय करता येते आणि काय धोक्याचे आहे, हे एका वकिलाकडून लेखी समजून घ्यावे. भावनेच्या भरात कोणाला अडचणीत आणू नये. पुरुषांसाठी एक वेगळी बैठक घ्यावी, असेही सुचवले गेले आहे. त्यावर काही जण हसले. ती बैठक आधी घ्यावी, असे आमचे मत आहे.

त्या भगिनीने यादीत आपले नाव सर्वांत आधी लिहिले, गाडी चालवण्याच्या रकान्यात. तो रस्ता आपल्याला पाठ आहे, असे ती म्हणाली. येत्या रविवारी वंदनेनंतर प्रस्तावावर चर्चा आहे. ज्यांना विरोध करायचा आहे त्यांनीही यावे आणि सर्वांसमोर बोलावे.